बातमीच्या घरातील उमेदवारी

रायपूरच्या शंकर नगर भागातून एका भगिनींचे पत्र आले आहे. पत्र खासगी असले, तरी त्यातील प्रश्न आज पुष्कळ घरांत बोलला जात आहे. म्हणून त्यांच्या संमतीने त्याचे उत्तर या सदरातून देत आहे. त्यांची कन्या यंदा बी. ए. झाली. दूरदर्शनचे रायपूर केंद्र शंकर नगरातच आहे. त्याच्या फाटकावरून शाळेत जात-येत ही मुलगी वाढली आणि आता एखाद्या प्रसारण केंद्राच्या वृत्तविभागात उमेदवारी करावी, असे तिने मनात घेतले आहे. बी. एड. करावे किंवा बँकेच्या परीक्षेस बसावे, असे वडिलांचे मत. आजीला नात पडद्यावर दिसणार म्हणून आनंद आहे, आणि त्याच कारणाने काळजीही आहे. मातोश्री दोन्हीकडचे ऐकून घेऊन एकच गोष्ट विचारतात: तेथे मुलीला शिकवतात, की नुसते राबवून घेतात?

मी भाषांतराच्या टेबलावर बसणारी बाई. या मासिकात येण्यापूर्वी दोन ठिकाणी मी अशी उमेदवारी केली. एकदा नभोवाणीच्या वृत्तविभागात आणि नंतर एका खासगी वाहिनीत. पहिल्या ठिकाणी शिकले, दुसऱ्या ठिकाणी राबले. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही’ असे एका शब्दात देता आले असते; परंतु तेवढ्याने कोणाच्या मुलीचे काही ठरत नाही. शिकणे कोठे संपते व राबणे कोठे सुरू होते, हे ओळखता आले पाहिजे, आणि त्यासाठी आत काय चालते ते थोडे विस्ताराने सांगावयास हवे.

प्रथम ‘उमेदवार’ या शब्दाविषयी. आता हा शब्द निवडणुकीपुरता उरला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मात्र कचेरीत पगाराविना बसून नकला करणारा, वरिष्ठांची पत्रे बारनिशीत नोंदवणारा आणि कधीतरी एखादी जागा निघेल या आशेवर वर्ष-वर्ष काढणारा तरुण, तो उमेदवार. फारसीतील ‘उमेद’ म्हणजे आशा. आशेवर राहणारा तो उमेदवार. शब्दातच सगळी हकिकत आली. पुढे कायद्याने त्यामागे ‘शिकाऊ’ हे विशेषण जोडले. त्या विशेषणाला किती अर्थ राहतो, हे प्रत्येक ठिकाणी तपासून पाहावे लागते.

शंकर नगरातील मुलीला या व्यवसायाची ओढ वाटावी, यात नवल नाही. त्या भूमीचे आणि प्रसारणाचे नाते जुने आहे. १९४८ साली नागपूरचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती व रायपूर त्याच प्रांतातील एक जिल्हा. रायपूरला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले ते २ ऑक्टोबर १९६३ रोजी. शेतकऱ्यांसाठीच्या ‘चौपाल’ कार्यक्रमातून छत्तीसगढी बोलणारे ‘बरसाती भैया’ तेथील घराघरांत नात्यातल्या माणसासारखे ओळखीचे झाले. पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यांतून दूरचित्रवाणी दाखवण्याचा जो मोठा प्रयोग देशात झाला, त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत रायपूरच्या पट्ट्यातील खेडीही होती. अमेरिकेचा उपग्रह वर्षापुरता उसना घेतलेला. गावच्या शाळेत किंवा पंचायतीत एक संच आणि बाहेर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, दहा फूट व्यासाची छत्री! महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांत दूरचित्रवाणी पोहोचली नव्हती, त्या वेळी छत्तीसगढच्या धानपट्टीतील शेतकरी सायंकाळी तिच्यासमोर बसत होता. प्रयोग संपल्यावर १९७७ साली रायपूरला जमिनीवरचा प्रक्षेपक आला, आणि २००० साली छत्तीसगढ राज्य निर्माण होऊन रायपूर राजधानी झाल्यावर तर तेथील बातमीचे वजनच बदलले.

हा इतिहास सांगण्यास कारण आहे. उपग्रहाच्या त्या प्रयोगातले हिंदी कार्यक्रम दिल्लीत तयार होत आणि ऐकणारा माणूस घरी छत्तीसगढी बोलणारा असे. बोलणारा एकीकडे, ऐकणारा दुसरीकडे, आणि मध्ये एकच संधी! वर्तमानपत्र वाचणाऱ्यास वाक्य कळले नाही तर तो पुन्हा वाचतो. ऐकणाऱ्यास ती सोय नाही. उमेदवाराच्या शिक्षणाचा आरंभ येथून होतो, आणि माझ्या मते बहुतांश शिक्षणही हेच असते.

बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की नवी मुलगी गेली म्हणजे तिच्या हाती ध्वनिक्षेपक येईल, किमानपक्षी कॅमेऱ्यामागे तरी उभे राहता येईल. तसे होत नाही. पहिले काही महिने टेबलाशी जातात. वृत्तसंस्थांकडून आलेला मजकूर, बहुधा इंग्रजीतला, तिच्यापुढे येतो. त्याचे भाषांतर करावयाचे. आकाशवाणीत तर अनेक वर्षे पदाचे नावच ‘वृत्तनिवेदक नि अनुवादक’ असे होते, आणि ते योग्यच होते. जी वाचणार, तिला आपण काय वाचतो आहोत हे भाषांतर केल्याने जितके कळते तितके दुसऱ्या कशाने कळत नाही. (मी भाषांतरकार आहे म्हणून हे म्हणते, असे कोणी म्हणेल, म्हणो बापडे.)

मला शिकवणारे संपादक निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. त्यांची एक पद्धत होती. मी केलेले भाषांतर ते हातात घेत नसत. खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ करून बसत व म्हणत, “वाचा.” मी वाचू लागे. ज्या ठिकाणी त्यांचा धागा तुटे, तेथे ते नुसता हात वर करीत. मग मी थांबावयाचे आणि तेथे काय बिघडले ते माझे मी शोधावयाचे. पहिल्या आठवड्यात दर दुसऱ्या ओळीला हात वर जाई.

त्या हाताने जे शिकवले, त्यातले थोडे सांगते. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो. ‘मुख्यमंत्री या प्रश्नावर राजीनामा देणार नाहीत’ हे वाक्य कागदावर निर्दोष आहे. पण शेवटच्या शब्दाच्या वेळी लहर क्षीण झाली, किंवा ऐकणाऱ्याच्या घरी कुकरची शिट्टी झाली, तर त्याच्या कानी मुख्यमंत्री राजीनामा देणार एवढेच पडते, आणि ती बातमी तो शेजाऱ्याला सांगून मोकळा होतो. हिंदीत नकार क्रियापदाच्या आधी येतो, म्हणून तेथे हा धोका थोडा कमी. मराठीत ‘राजीनाम्याची शक्यता मुख्यमंत्र्यांनी फेटाळली आहे’ असे लिहिले की शेवटचा शब्द अर्धा बुडाला तरी अर्थ उलटा होत नाही.

दुसरे, बातमी कोणाच्या तोंडची आहे ते. छापील मराठीत आपण ‘असे पोलिसांनी सांगितले’ हे शेपटाला जोडतो. डोळ्यांना ते चालते. कानांना मात्र शेपूट येईपर्यंत आधीचा सगळा मजकूर सिद्ध झालेले सत्य म्हणून जाऊन बसलेला असतो. यासाठी सांगणारा आधी, सांगणे नंतर: ‘पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे…’ ही अदलाबदल दिसायला क्षुल्लक आहे, परंतु एखाद्या चकमकीची किंवा अटकेची बातमी असेल, तर तिच्यावर कोणाची तरी अब्रू अवलंबून असते.

तिसरे, आकडे. आपले आकडे कानाला फसवे आहेत. बासष्ट आणि बाहत्तर, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट. घाईत वाचणारा चुकतो आणि घाईत ऐकणारा त्याहून अधिक. म्हणून जेथे चालेल तेथे २,४३७ चे ‘सुमारे अडीच हजार’ करावे. जेथे चालणार नाही तेथे आकडा सावकाश वाचावा व शक्य तर पुढच्या वाक्यात दुसऱ्या तऱ्हेने पुन्हा आणावा. आमचे संपादक सांगत की पिकाचा, पाण्याचा, पैशाचा आकडा ‘सुमारे’ होऊ शकतो. मृतांचा आकडा ‘सुमारे’ करावयाचा नाही. तो कळला असेल तेवढा पूर्ण सांगावा, अन्यथा अजून निश्चित कळलेला नाही असे सांगावे.

आणखीही पुष्कळ आहे. ‘त्यांनी’ हे सर्वनाम एका बातमीत तीन माणसांसाठी येऊ नये. नाव पुन्हा घ्यावे, त्यात पुनरुक्तीचा दोष नाही. ‘आजी-माजी’ यांत एका अक्षराने माणसाचे पद जाते. ज्या गावाची बातमी त्या गावाचे नाव तेथले लोक कसे उच्चारतात, हे दूरध्वनी करून विचारावे. नकाशावरील इंग्रजी अक्षरांवरून उच्चार ठरवू नये. मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द बसतात, म्हणजे पाच मिनिटांच्या वार्तापत्रात सारे जग पाच-सहाशे शब्दांत घालावयाचे; तेव्हा ‘या ठिकाणी’, ‘त्या अनुषंगाने’, ‘करण्यात येत आहे’ यांना तेथे जागा नाही. सरकारी मराठीत वाढलेल्या माझ्यासारखीला ‘करण्यात येत आहे’ सोडवणे फार जड गेले.

ज्यांच्या घरी असा छंद असलेला मुलगा वा मुलगी आहे, त्यांनी हा प्रयोग घरीच करून पाहावा. सकाळच्या वर्तमानपत्रातील एक बातमी शंभर शब्दांत लिहून, स्वयंपाकघरात काम करणाऱ्या वडीलधाऱ्या बाईंना एकदाच वाचून दाखवावयास सांगावी. अर्ध्या तासाने त्यांना विचारावे, काय झाले म्हणे? त्या जे सांगतील ती खरी प्रसारित झालेली बातमी. कागदावर काय होते याला महत्त्व नाही.

आता दूरचित्रवाणीत चित्र आहे, तेथे शब्दांचे काय एवढे, असे एक मत ऐकू येते. चित्राने काम सोपे होत नाही. चित्रात पूर दिसतो आहे आणि निवेदनही ‘पूर आला आहे’ एवढेच सांगत असेल, तर ते शब्द वाया गेले. पुराचे पाणी कोणत्या धरणातून सुटले, गावाला आधी कळवले होते की नाही, हे चित्र सांगू शकत नाही. ते शब्दांनी सांगावयाचे. चित्रासाठी लिहिणे ही निराळी शिस्त आहे आणि तीही टेबलाशी बसूनच येते. टेलिप्रॉम्प्टरवर सरकणाऱ्या ओळी पाहून ‘वाचायचेच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी त्या ओळी कोणी, कितीदा खोडून लिहिल्या, याची चौकशी करावी. मराठी बातम्यांत ज्यांचे आवाज पिढ्यान्पिढ्या विश्वासाचे ठरले, त्या पुण्याच्या सुधा नरवणे किंवा मुंबई दूरदर्शनचे प्रदीप भिडे, यांच्या वाचनात जी शांतता ऐकू येई ती केवळ गळ्याची देणगी नव्हती. समोरच्या वाक्यात काय आहे हे त्यांना आधीच ठाऊक असे.

इतके झाले म्हणजे हस्तकौशल्य झाले. त्यापलीकडे या व्यवसायाचे एक ओझे आहे, आणि आईवडिलांनी ते जाणून घेतले पाहिजे. छत्तीसगढमध्ये तर ते विशेषच. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी, विधानसभा निवडणुकीचे चित्रण करण्यासाठी दिल्लीहून आलेल्या दूरदर्शनच्या पथकावर दंतेवाडा जिल्ह्यातील नीलावाया गावाजवळ माओवाद्यांनी हल्ला केला. त्यात कॅमेरामन अच्युतानंद साहू आणि सोबतचे पोलीस कर्मचारी प्राणास मुकले. गोळ्या चालू असताना त्यांच्या एका सहकाऱ्याने जमिनीवर पडल्या-पडल्या आपल्या आईसाठी मोबाइलवर निरोप चित्रित करून ठेवला होता. तो वाचला, आणि तो निरोप पुढे देशभर पाहिला गेला.

शिकाऊ मुलीला कोणी अशा ठिकाणी धाडत नाही, धाडूही नये. परंतु अशा दिवशी ती ज्या टेबलाशी बसलेली असते तेथे ही बातमी येते. पथक गेले आहे, गोळीबार झाला आहे, नाव अर्धवट कळले आहे, इतर वाहिन्यांवर काही ना काही धावू लागले आहे. ही दहा-पंधरा मिनिटे कशी जातात ते बाहेरच्यास सांगणे कठीण. नियम साधा आहे: घरच्यांना कळल्याखेरीज मृताचे नाव उच्चारावयाचे नाही, आणि दोन निरनिराळ्या ठिकाणांहून खात्री झाल्याखेरीज मृत्यू म्हणावयाचे नाही. नियम पाठ करणे सोपे, परंतु समोरच्या दहा पडद्यांवर ते नाव झळकत असताना आपला हात आवरून धरणे, हे कोणीतरी शेजारी बसून आवरल्याखेरीज येत नाही. कोठल्या तरी घरात, कोठल्या तरी आईला, मुलगा गेल्याचे पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या ओळीतून कळावे, याहून मोठा अपराध या व्यवसायात मला दिसत नाही. त्या पंधरा मिनिटांत कोणा अनुभवी माणसाच्या शेजारी बसावयास मिळणे, हीच उमेदवारीतील खरी कमाई होय.

दुसऱ्या ठिकाणी मला ती मिळाली नाही. त्या वाहिनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; तशा अनेक आहेत. तेथे दिवसभर पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या ओळी टंकित करावयाच्या. दुसऱ्या वाहिनीवर जे दिसेल ते आपल्याकडे, शब्द थोडे फिरवून. सहा महिन्यांत माझे एकही वाक्य कोणी खोडले नाही. चांगले होते म्हणून नव्हे. वाचावयास कोणाला सवड नव्हती, कारण मला शिकवू शकतील असे लोक स्वतःच वर्षावर्षाच्या करारावर काम करीत होते आणि त्यांची नजर घड्याळावर व पुढच्या करारावर असे. शेवटी एक छापील प्रमाणपत्र मिळाले. त्यावर माझ्या आडनावात चूक होती.

या दोन अनुभवांवरून मी जी कसोटी काढली ती अशी. मुलीने मुलाखतीस जावे तेव्हा ‘मला पडद्यावर कधी घेणार?’ हा प्रश्न घरी ठेवून जावे आणि ‘माझे लिखाण रोज कोण तपासणार?’ हा विचारावा. उत्तरात एखाद्या माणसाचे नाव आले तर उत्तम. ‘आमची टीम आहे, सगळे मिळून बघतो’ असे उत्तर आले, तर बहुधा कोणीच बघत नाही.

शंकर नगरच्या भगिनींनी पत्राच्या शेवटी एक शंका जराशा संकोचाने विचारली आहे: आम्ही मराठी, घरी मराठी बोलतो, हिंदी मुलुखात आमची मुलगी बातमीदारीत मागे तर पडणार नाही? याचे उत्तर त्यांच्याच शहरात आहे. माधवराव सप्रे हे मराठीभाषक गृहस्थ. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि त्या भागातील पत्रकारितेचा आरंभ तेथून मानतात. टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा व समर्थांच्या ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद त्यांचाच. १९२६ साली रायपुरातच ते वारले. पुढल्या पिढीत गजानन माधव मुक्तिबोध. मराठी घरातील मुलगा, बंधू शरच्चंद्र मराठीत कवी म्हणून नावारूपास आले, हे मात्र हिंदीचे थोर कवी झाले. १९५८ साली राजनांदगावच्या महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून जाण्यापूर्वी त्यांनी काही काळ आकाशवाणीच्या नागपूर केंद्रातील वृत्तविभागात काम केले होते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगढात राहिलेल्या मराठी कुटुंबांनी दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहण्याची कला कधीच आत्मसात केली आहे.

शिवाय उंबरठा दोन भाषांचाच नाही. घरी मराठी, शाळेत हिंदी, भाजीबाजारात छत्तीसगढी ऐकत वाढलेल्या मुलीला, एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगता येते हे कोणी शिकवावे लागत नाही. बस्तरकडे हलबी बोलतात. तिच्यात छत्तीसगढी, ओडिया आणि आपली मराठी यांचे असे मिश्रण आहे की मराठी कानाला मधूनच ओळखीचे प्रत्यय ऐकू येतात. आकाशवाणीच्या जगदलपूर केंद्राने हलबी आणि गोंडी या भाषांना आपल्या प्रसारणात स्थान दिले. पूर्वी बी. बी. सी. मध्ये काम केलेले शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली ‘सीजीनेट स्वर’ ही व्यवस्था छत्तीसगढात सुरू केली. तिच्यात खेड्यातील माणसाने साध्या फोनवरून आपली बातमी आपल्याच बोलीत नोंदवावयाची आणि ती तपासून इतरांना ऐकवावयाची, अशी योजना होती. रेशन मिळाले नाही, हातपंप बंद आहे, मास्तर येत नाहीत, अशा या बातम्या. राजधानीतील टेबलाशी बसणाऱ्या मुलीने त्या ऐकाव्यात. आपल्या वार्तापत्रात काय येत नाही, हे तिला त्यांतून कळेल.

आता व्यवहाराची बाजू. वडिलांचा खरा आक्षेप तेथे आहे आणि तो खोटा नाही. आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आहे. आरंभी तो मुख्यतः कारखान्यांतील कारागिरांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी शिक्षण घेतलेल्यांना आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर पदवीधरांनाही त्यात वाव मिळाला. त्याखाली लेखी करार होतो, त्याची नोंदणी होते, विद्यावेतन द्यावे लागते, आणि काम शिकताना इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते. परंतु त्याच कायद्याप्रमाणे उमेदवार हा नोकर नव्हे, शिकणारा होय. मुदत संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन मालकावर नाही. आणि ‘इंटर्नशिप’ म्हणून जे सर्रास चालते ते पुष्कळदा या कायद्याच्या बाहेरच असते. तेव्हा आपले काम कोणत्या सदरात मोडते, हे पहिल्या दिवशी विचारून घ्यावे.

पगारी पत्रकारांसाठी १९५५ साली जो कायदा झाला, तो वर्तमानपत्रांपुरता होता. नभोवाणी व दूरचित्रवाणीतील पत्रकार त्याच्या व्याख्येत बसत नसत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत ती व्याख्या इलेक्ट्रॉनिक माध्यमांपर्यंत रुंदावली आहे. हे चांगले झाले, मात्र पासष्ट वर्षे लागली. अन्य देशांत काय करतात? जर्मनीत सार्वजनिक प्रसारण संस्थांतून दीड-दोन वर्षांची उमेदवारी असते आणि त्या काळात वेतन मिळते. ब्रिटनमध्ये बी. बी. सी. उमेदवारांना वेतन देऊन शिकवते आणि त्यासाठी पदवीची अट घालत नाही. बिनपगारी उमेदवारीत ज्याच्या घरचे सहा महिने पोसू शकतात तोच टिकतो, आणि मग बातम्या सांगणारे सारे एकाच प्रकारच्या घरांतून येतात. ज्या घरात हातपंप बंद पडल्याने दिवस अडतो, त्या घरची मुलगी त्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही. मला हा दोष विद्यावेतनाच्या रकमेहून अधिक गंभीर वाटतो.

शिक्षणाची वाट रायपुरातच आहे. कुशाभाऊ ठाकरे यांच्या नावाने २००५ साली सुरू झालेले पत्रकारितेचे विद्यापीठ तेथे आहे. मराठीतून शिकावयाचे असल्यास पुणे विद्यापीठाचा, रानडे इन्स्टिट्यूट या नावाने ओळखला जाणारा विभाग आहे, आणि भारतीय जनसंचार संस्थेचे विदर्भातील केंद्र अमरावतीस आहे. बी. एड. ची वाट त्याने बंद होत नाही. एक वर्ष मुदत ठरवून द्यावी. वर्षाअखेरीस तिच्या हाती खोडलेल्या-सुधारलेल्या कागदांचा गठ्ठा असला तर पुढे जाऊ द्यावे, नुसते प्रमाणपत्र असले तर पुन्हा विचार करावा.

आजींच्या काळजीपुरते एवढेच. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा शिकाऊ उमेदवारांनाही लागू आहे. त्यातील ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येत त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जेथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावलेली आहेत की नाहीत, हे मुलीने रुजू होण्याच्या दिवशीच पाहून घ्यावे. रात्रीच्या वार्तापत्राचे काम आटोपून निघावयास उशीर होतो. शंकर नगरातील घर जवळ असले, तरी परतीच्या वाहनाची सोय कोणाकडे आहे ते नेमणुकीच्या पत्रात विद्यावेतनाच्या रकमेखालच्याच ओळीत लिहून घ्यावे.